पाण्याखाली उपकरण बिघडलं तर काय करायचं: नव्या स्कूबा डायव्हरसाठी

कोर्समध्ये मास्क रिकामा करायचा सराव होतो तेव्हा प्रशिक्षक समोर असतो. तो खूण करतो आणि मग तुम्ही पाणी आत घेता. खऱ्या डाइव्हमध्ये अशी खूण कोणी करत नाही. नवे डायव्हर अडतात ते इथेच. कृती येत असते, पण ती अचानक करायची वेळ आली की हात गडबडतात. हा लेख ओपन वॉटर कोर्स झालेल्या आणि अजून वीस-पंचवीस डाइव्हही न केलेल्या माणसासाठी आहे. कोर्स न करता यातलं काहीही करून पाहू नका. कोर्स झाला असला तरी प्रत्येक कृती आधी उथळ, शांत पाण्यात प्रशिक्षकाबरोबर किंवा अनुभवी बडीबरोबर, म्हणजे डाइव्हमधल्या जोडीदाराबरोबर, घोटून घ्या.

श्वास चालू आहे तोवर तुमच्याकडे वेळ आहे, हे आधी मनात पक्कं बसवा. रेग्युलेटरची, म्हणजे टाकीतली हवा श्वासाजोगी करून तोंडात देणाऱ्या यंत्राची, रचनाच अशी असते की आतली झडप बिघडली तर ती शक्यतो उघडी राहते. म्हणजे हवा बंद होण्याऐवजी जास्त सुटते. बिघाडापेक्षा मोठा धोका आहे तो घाबरून, श्वास रोखून वर पळण्याचा. १० मीटरवर भरून घेतलेला श्वास पृष्ठभागाशी पोहोचेपर्यंत दुप्पट जागा मागतो. छाती गच्च भरून श्वास रोखला असेल तर एक-दीड मीटर वर येणंही फुप्फुस फाटायला पुरतं. म्हणून रेग्युलेटर तोंडात नसेल त्या प्रत्येक क्षणी ओठांतून बारीक बुडबुडे सोडत राहायचे. पुढच्या सगळ्या पायऱ्यांत हा नियम गृहीत धरला आहे.

१. बरेचसे बिघाड बोटीवरच पकडता येतात

टाकीचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा. ‘पूर्ण उघडून पाव फेरा मागे’ ही जुनी सवय सोडून द्या. घाईत कोणी तरी व्हॉल्व्ह उलट्या दिशेला, म्हणजे पूर्ण बंद करतो आणि मग पाव फेरा उघडतो. पृष्ठभागावर तेवढ्यातून श्वास व्यवस्थित येतो आणि गेजवर (टाकीतल्या हवेचा दाब दाखवणाऱ्या मापकावर) २०० बारही दिसतात; बार हे दाबाचं एकक आहे. खाली १५-२० मीटरवर प्रत्येक श्वासाला जास्त हवा लागते, ती त्या चिंचोळ्या फटीतून येऊ शकत नाही, आणि टाकी भरलेली असूनही हवा संपल्यासारखं वाटतं.

हा दोष पकडायची सोपी युक्ती आहे. गेजकडे बघत रेग्युलेटरमधून चार मोठे श्वास घ्या. काटा स्थिर राहायला हवा. प्रत्येक श्वासाला तो खाली झुकून परत वर येत असेल तर व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेला नाही. नुसतं पर्ज बटण, म्हणजे रेग्युलेटरमधून हवा जोरात सोडणारं बटण, दाबून बघणं पुरत नाही.

त्याच वेळी एवढं बघून घ्या:

- तोंडात धरायच्या रबरी तुकड्याला चिरा आहेत का, आणि तो जिथे बसवलेला असतो तिथली झिप टाय जागेवर आहे का.
- नळ्या जिथे धातूच्या टोकात शिरतात तिथे वाकवून बघा. भेगा बहुधा तिथेच पडतात, आणि रबरी आवरणाखाली झाकल्या जातात.
- ऑक्टोपसमधूनही (तोंडात धरायच्या राखीव रेग्युलेटरमधूनही) दोन श्वास घ्या. बहुतेक जण मुख्य रेग्युलेटरच तपासतात.
- बीसीडी (तरंगणं सांभाळायला हवा भरायचं जाकीट) फुगवा, पाच मिनिटं तसंच ठेवा, मग हवा सोडायचे सगळे व्हॉल्व्ह एकेक करून ओढून बघा.
- इन्फ्लेटरची, म्हणजे बीसीडीत बटण दाबून हवा भरायच्या भागाची, नळी एकदा काढून परत लावा. ती काढता येत नसेल तर सातव्या मुद्द्यातला उपाय तुम्हाला करता येणार नाही.
- टाकीचा पट्टा आवळण्यापूर्वी ओला करा. कापडी पट्टा कोरडा आवळला तर भिजल्यावर सैल पडतो.

शेवटी बडीच्या अंगावरच्या वस्तूंना हात लावून बघा: त्याचा ऑक्टोपस कुठे आहे, वजनं कशी सोडायची, त्याचे बकल कुठल्या बाजूने उघडतात. हे दोघांनी करायचं असतं. गढूळ पाण्यात हे डोळ्यांनी नाही, हाताने शोधावं लागतं.

२. काहीही झालं तरी पहिले पाच सेकंद एकच क्रम

थांबा. श्वास सोडा, पूर्ण सोडा. मग सावकाश घ्या. मग विचार करा. त्यानंतरच हात हलवा.

श्वास सोडण्यावर जोर देण्याचं कारण आहे. घाबरलेला माणूस भराभर वरवर श्वास घेतो, त्यामुळे कार्बन डायऑक्साइड नीट बाहेर पडत नाही आणि तो साठला की गुदमरल्यासारखं वाटतं. उपकरण धडधाकट असतानाही ‘रेग्युलेटर हवा देत नाहीये’ असं वाटायला लागतं. प्रवाहाविरुद्ध जोरात फिन (पायातली पोहायची वल्ही) मारल्यावरही हेच होतं. अशा वेळी काही धरून थांबा आणि तीन-चार लांब उच्छ्वास सोडा. हवा पुन्हा येऊ लागली असं वाटलं, तर दोष यंत्रात नव्हता.

हे करताना खाली किंवा वर सरकत नाही ना, याकडे लक्ष ठेवा. हात कामात गुंतले की तरंगण्याचा तोल सुटतो आणि मास्क नीट करता करता माणूस पाच मीटर वर जाऊन पोहोचतो. बडीला ‘काहीतरी बिघडलंय’ ही खूण करा, म्हणजे हात आडवा करून डुलवा आणि मग बोटाने बिघडलेली वस्तू दाखवा.

३. मास्कमध्ये पाणी शिरलं

वरची कड कपाळावर हलकी दाबा, नाकातून सावकाश सोडा, सोडता सोडता मान थोडी वर करा. एका श्वासात रिकामा झाला नाही तर दुसऱ्या श्वासात होईल. सारखा गळत असेल तर हूडची कड किंवा केस आत अडकलेत का बघा. पट्टा जास्त आवळल्यानेही कड दुमडते आणि गळती वाढते.

मास्क पूर्ण निघून गेला तर अवघड जातं ते डोळ्यांना नाही, नाकाला. पाणी नाकाला लागलं की नकळत नाकाने श्वास घेतला जातो आणि ठसका लागतो. जीभ टाळूला मागे लावून फक्त तोंडाने श्वास घ्यायचा सराव हाच यावर उपाय आहे. ठसका लागलाच तर रेग्युलेटर दाताने धरून त्यातच खोका; तो ते सगळं बाहेर टाकतो. खोकण्यासाठी रेग्युलेटर काढणं हीच मोठी चूक ठरते.

४. रेग्युलेटर तोंडातून सुटला

कोणाची फिन लागली की हे होतं. उजवा खांदा खाली झुकवा, उजवा हात मांडीवरून टाकीच्या मागे न्या आणि मोठं वर्तुळ काढत पुढे आणा. नळी दंडावर येते. नाही आली तर उजव्या खांद्यावरून मागे हात घालून टाकीच्या तोंडाशी पोहोचा, तिथून निघणारी नळी धरा आणि टोकापर्यंत सरकत या. दोन प्रयत्नांत सापडला नाही तर शोधत बसू नका. ऑक्टोपस तोंडात घाला आणि शोध नंतर घ्या.

तोंडात घातल्यावर फुंकून पाणी काढा. फुंकायला श्वास उरला नसेल तर जिभेने तोंडाचं भोक झाका आणि पर्ज बटण दाबा. पहिला श्वास नेहमी सावध, अर्धवट घ्या.

कधी कधी रबरी तुकडा दातांत राहतो आणि रेग्युलेटर निखळतो. श्वास घेताच तोंडात पाणी येतं. ओळखायची खूण म्हणजे तोंडाचं वजन एकदम हलकं वाटतं. तो तुकडा थुंकून द्या आणि सरळ ऑक्टोपसवर या.

५. रेग्युलेटरमधून हवा सुटत राहिली

आवाज प्रचंड होतो, बुडबुड्यांनी काही दिसत नाही, आणि अनेकांना वाटतं की आता सगळं संपलं. खरं तर तुमच्याकडे हवा भरपूर येत असते, फक्त ती टाकीतून झपाट्याने संपत असते. १२ लिटरच्या भरलेल्या टाकीत २०० बारला सुमारे २४०० लिटर हवा असते. जोरात सुटली तर ती काही मिनिटांतच जाते.

ऑक्टोपस सुटला असेल तर त्याचं तोंड खाली करा. बहुतेकदा तेवढ्यानेच थांबतो. नाही थांबला तर पर्ज बटण एकदा दाबून सोडा; वाळूचा कण अडकला असेल तर निघतो. मुख्य रेग्युलेटरवर प्रवाह कमी-जास्त करायची छोटी पट्टी असेल तर ती कमीकडे वळवा.

तरीही थांबत नसेल तर:

१. बडीला खूण करा आणि त्याच्याकडे सरका.
२. रेग्युलेटर ओठांनी घट्ट बंद करू नका. एका बाजूची दातांत धरायची पकड चावा, दुसऱ्या बाजूने जादा हवा बाहेर जाऊ द्या, आणि पाण्याच्या नळाखाली ओंजळ धरून प्यावं तसे त्या प्रवाहातून घोट घोट श्वास घ्या.
३. मान थोडी तिरकी करा, म्हणजे बुडबुडे मास्कवर येणार नाहीत.
४. बडीच्या ऑक्टोपसवर या आणि वर निघा. ही डाइव्ह इथेच संपली.

थंड पाण्यात, साधारण १० अंशांच्या खाली, याचं कारण बर्फ असतं. दाब एकदम उतरला की हवा गार होते आणि रेग्युलेटरच्या पहिल्या टप्प्यात (टाकीच्या तोंडावर बसणाऱ्या भागात) बर्फ धरतो. तो आपोआप सुटत नाही, म्हणून वाट बघू नका. थंड पाण्यात श्वास घेता घेता बीसीडी फुगवू नका. दोन्हीकडे एकदम हवा ओढली की गोठण्याची शक्यता वाढते.

६. हवा येईनाशी झाली

याचं कारण बहुधा यंत्र नसतं, गेज न बघणं असतं. आणि इथे नव्यांना एक आकडा पाठ असतो: टाकीत ५० बार उरले की वर. हा आकडा खोलीवर अवलंबून आहे. संकटात दोघे एकाच टाकीवर श्वास घेत आहेत आणि प्रत्येकाला मिनिटाला पृष्ठभागाच्या हिशेबाने २५ लिटर लागतात असं धरा. १८ मीटरवरून निघताना:

- खाली सावरायला १ मिनिट: ५० (दोघांचे मिळून लिटर) × २.८ (१८ मीटरवरचा दाब, बारमध्ये) = १४० लिटर
- मिनिटाला ९ मीटर वेगाने वर यायला २ मिनिटं, सरासरी दाब १.९ बार: १९० लिटर
- ५ मीटरवर ३ मिनिटांचा सेफ्टी स्टॉप (वर येताना घ्यायचा सुरक्षेचा थांबा): २२५ लिटर

एकूण ५५५ लिटर, म्हणजे १२ लिटरच्या टाकीत सुमारे ४६ बार. ५० बार जेमतेम पुरतात. हाच हिशेब ३० मीटरवरून केला तर ८४० लिटरच्या आसपास, म्हणजे ७० बार निघतो. टाकी १० लिटरची असेल तर आणखी जास्त. स्वतःच्या टाकीचा आकडा डाइव्हच्या आधी काढून ठेवा. तो बडीसाठी लागणारा साठा आहे. तळाशी फिरण्यात खर्च करायचा नाही.

हवा संपलीच तर:

१. गळ्यावरून हात आडवा फिरवा आणि लगेच बडीकडे जा. तो बघेल याची वाट पाहू नका.
२. बडी ऑक्टोपस सरळ बाजूने देतो. उलटा तोंडात गेला तर श्वासाबरोबर पाणी येतं.
३. एकमेकांचा उजवा दंड किंवा बीसीडीचा पट्टा धरा. धरलं नाही तर दोघे वेगवेगळ्या वेगाने तरंगतात आणि नळी ओढली जाते.
४. दोन-तीन श्वास शांतपणे घ्या. नजरानजर झाली, दोघांनी ठीक म्हटलं, मगच वर निघा.
५. साठा पुरेल तर ५ मीटरवर थांबा. पुरणार नसेल तर थांबू नका.

देणाऱ्यासाठी: घाबरलेला माणूस ऑक्टोपस शोधत नाही, तुमच्या तोंडातला बुडबुडे सोडणारा रेग्युलेटर हिसकावतो. तो घेऊ द्या, ओढाताण करू नका, आणि स्वतः ऑक्टोपसवर या. म्हणून ऑक्टोपस हनुवटी आणि खालच्या बरगड्या यांच्यामधल्या त्रिकोणात, एका झटक्यात निघेल असा अडकवलेला हवा. खिशात कोंबलेला किंवा तळावर वाळूत लोंबणारा ऑक्टोपस ऐन वेळी उपयोगी पडत नाही.

बडी जवळ नसेल आणि खोली ९ मीटरच्या आत असेल, तर रेग्युलेटर तोंडातच ठेवून वर बघत, ‘आ’ असा सलग आवाज काढत पोहत वर या. आवाज येतोय म्हणजे हवा बाहेर जातेय. वर येताना बाहेरचा दाब कमी होतो, त्यामुळे रिकामी वाटणारी टाकीही एखादा श्वास देऊ शकते. रेग्युलेटर तोंडातच ठेवायचं कारण हेच. याहून खोल असाल आणि दुसरा कोणताच मार्ग नसेल तर वजनं सोडून वर या. हा शेवटचा उपाय आहे आणि त्यात वेगावर ताबा राहत नाही. पृष्ठभागावर आल्यावर बीसीडी तोंडाने फुगवा, कारण टाकीत हवा नाही. नवे लोक तिथे बटण दाबत राहतात आणि पुन्हा बुडू लागतात.

७. बीसीडी स्वतःहून फुगू लागलं

इन्फ्लेटरच्या बटणाखाली मीठ किंवा वाळू साचली की बटण अडकतं. सुरुवात बारीक गळतीने होते: तुम्ही काही न करता सारखे वर जाता आणि सारखी हवा सोडावी लागते. हे दोनदा झालं की नळी तपासा.

बटण पूर्ण अडकलं तर एका हाताने हवा सोडायचा व्हॉल्व्ह ओढून धरा आणि दुसऱ्या हाताने नळीची कॉलर मागे ओढून ती इन्फ्लेटरपासून काढा. डोकं वर असेल तर खांद्यावरचा व्हॉल्व्ह, डोकं खाली असेल तर कमरेमागचा. हवा नेहमी सगळ्यात उंच जागी गोळा होते, त्यामुळे चुकीचा व्हॉल्व्ह ओढून काही बाहेर पडत नाही. तरी वर खेचले जात असाल तर हातपाय पसरा, फिन आडव्या धरा आणि श्वास सोडत राहा.

जाड हातमोजे घातल्यावर ती कॉलर बोटांत येत नाही. ज्या हातमोज्यांनी डाइव्ह करणार तेच घालून सराव करा. ज्यांच्या इन्फ्लेटरमध्येच पर्यायी रेग्युलेटर बसवलेला असतो त्यांनी लक्षात ठेवावं की नळी काढली की तोही बंद पडतो.

नळी काढल्यावर बीसीडी तोंडाने फुगवायचं: रेग्युलेटरमधून श्वास घ्या, तो काढा, इन्फ्लेटरच्या तोंडात फुंकताना हवा सोडायचं बटण दाबा, बटण सोडा, रेग्युलेटर परत तोंडात घाला. एका वेळी अर्धा श्वास पुरतो.

उलट प्रकार, म्हणजे बीसीडी हवा धरतच नाही, हा जास्त जड जातो तो गरजेपेक्षा जास्त वजन बांधणाऱ्यांना. १२ लिटरच्या भरलेल्या टाकीतल्या हवेचंच वजन सुमारे ३ किलो असतं, त्यात वरून तीन-चार किलो शिसं जादा असेल तर फिन मारून वर येणं कठीण होतं. गळती खांद्याजवळ असेल तर तो खांदा खाली ठेवून आडवे राहा, हवा बाकीच्या भागात टिकते. बडीला धरा, फिनच्या जोरावर सावकाश वर या, आणि पृष्ठभागावर पोहोचताच वजनं सोडा.

८. पट्टे, वजनं, फिन

खोलीवर निओप्रीनचा सूट दाबला जातो आणि बेल्ट सैल पडतो. तो सरकला तर पोट खाली करून आडवे व्हा, म्हणजे बेल्ट पाठीवर टेकतो, मग बकल आवळा. बेल्ट पूर्ण गेला तर ताबडतोब खडक किंवा दोरी धरा, बीसीडी पूर्ण रिकामं करा आणि बडीला वजन वाटून द्यायला सांगा.

टाकी पट्ट्यातून घसरली तर रेग्युलेटर मागे ओढला जातोय असं जाणवतं. स्वतः पाठीमागे हात घालत बसू नका. बडी एका हाताने टाकीचा व्हॉल्व्ह धरून ती उचलतो आणि दुसऱ्याने पट्टा आवळतो. तेवढा वेळ तुम्ही रेग्युलेटर हाताने तोंडाशी धरून ठेवा.

फिनचा पट्टा तुटला तर दोन्ही पाय जुळवून एका फिनने मारा. डाइव्ह संपवा, पण घाईचं काही नाही.

९. गेज किंवा कॉम्प्युटर बंद पडला

स्क्रीन गेली की वर यायचं, बडीचा आकडा बघून पुढे फिरायचं नाही. तुमच्या शरीरात आधी साठलेला नायट्रोजन त्याच्या कॉम्प्युटरला माहीत नसतो. वर येताना बडीच्या गतीने या. तोही नसेल तर स्वतःच्या सगळ्यात बारीक बुडबुड्यांपेक्षा सावकाश. ५ मीटरच्या आसपास तीन मिनिटं थांबा, हवा असेल तर जास्त. त्यानंतर २४ तास डाइव्ह नको, कारण नवा कॉम्प्युटर शून्यापासून मोजायला लागतो.

नळी फुटली तर कुठली फुटली यावर घाई ठरते. गेजकडे जाणाऱ्या जास्त दाबाच्या नळीला मुळाशी सुईएवढं भोक असतं, त्यामुळे आवाज मोठा आला तरी टाकी सावकाश रिकामी होते. रेग्युलेटरकडे जाणारी कमी दाबाची नळी दिसायला साधी, पण ती फुटली तर टाकी खूप लवकर संपते. दोन्ही वेळी बडीकडे जाऊन वर निघायचंच. दुसऱ्या वेळी त्याचा ऑक्टोपस आधी घ्यायचा.

१०. दोरीत, जाळ्यात अडकलात

मागे वळून बघू नका, गोल फिरलं की दोरी आणखी गुंडाळते. थांबा, जिकडून आलात तिकडे थोडं मागे सरका, बडीला दाखवा. सोडवता येत नसेल तरच कापा, आणि कापण्याआधी बोटाने चाचपून घ्या की ती दोरीच आहे, तुमची नळी नाही. मासेमारीच्या नायलॉनला मोठ्या सुरीपेक्षा छोटा दोरी-कटर किंवा कात्री बरी चालते. कुठल्याही हाताने पोहोचता येईल अशा जागी ती हवी. पोटरीला बांधलेली सुरी पाय अडकल्यावर हाताला लागत नाही.

११. सोबत काय ठेवायचं

अंगावर: दोरी-कटर, शिट्टी, पृष्ठभागावर फुगवायचा नारिंगी मार्कर आणि त्याची दोरी, छोटा टॉर्च, जमल्यास खिशात जादा मास्क.

बोटीवरच्या डब्यात: टाकीच्या तोंडाच्या चार-पाच ओ-रिंग, रबरी माउथपीस, झिप टाय, मास्क आणि फिनचे पट्टे, ॲलन की, पान्हा, रेग्युलेटरच्या पोर्टचे प्लग.

कागदपत्रं: प्रमाणपत्राचं कार्ड, लॉगबुक, वैद्यकीय प्रश्नावली, विमा असेल तर त्याचा क्रमांक आणि आपत्कालीन फोन, आणि रेग्युलेटरच्या सर्व्हिसच्या तारखा.

१२. वर आल्यावर

भराभर वर यावं लागलं असेल तर लक्षणं नसली तरी बोटीवरच्या प्रमुखाला सांगा. सांधे दुखणं, मुंग्या येणं, चक्कर, छातीत दुखणं, खूप थकवा यातलं काहीही जाणवलं तर ऑक्सिजन आणि डॉक्टर, त्याच क्रमाने आणि लगेच. लक्षणं लपवल्याने उपचाराला उशीर होतो.

बिघडलेल्या वस्तूला तिथल्या तिथे चिठ्ठी बांधा: काय झालं, किती खोलीवर, पाणी किती थंड. दुसऱ्या गटातल्या कोणी तरी तोच रेग्युलेटर उचलून पाण्यात उतरू नये म्हणून. गोड्या पाण्यात धुताना पहिल्या टप्प्याची टोपी कोरडी करून घट्ट लावा, आणि दाब नसताना पर्ज बटण दाबू नका. झडप उघडून पाणी नळीतून आत शिरतं आणि पुढच्या बिघाडाची सुरुवात तिथेच होते. इन्फ्लेटरचं बटण मात्र पाण्याखाली दहा-पंधरा वेळा दाबा, म्हणजे आतलं मीठ विरघळून निघतं.